काठी, गाडी आणि चालण्याचा मान

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बेथपेज नावाचे सरकारी उद्यान आहे. तेथे गोल्फची पाच मैदाने आहेत. त्यांपैकी ‘ब्लॅक’ या मैदानाच्या आरंभीच एक फलक लावलेला आहे. हे मैदान अतिशय अवघड असून केवळ निष्णात खेळाडूंनीच येथे खेळावे, अशा आशयाची ताकीद त्यावर दिलेली आहे. १९३६ साली सुरू झालेले हे मैदान सार्वजनिक आहे. शुल्क भरून कोणालाही तेथे खेळता येते आणि आपला क्रमांक लागावा म्हणून लोक आदल्या रात्री तेथेच मोटारीत झोपतात. अट एकच : चढउतार कितीही असले तरी मैदान पायी पार करायचे. इतर पुष्कळ मैदानांवर सर्रास दिसणाऱ्या छोट्या गाडीला येथे मज्जाव आहे.

वाचकहो, आसेगावसारख्या गावात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरने गोल्फविषयी का लिहावे, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. वाशीम जिल्ह्यात हा खेळ कोणी खेळत नाही. महाराष्ट्रातही तो प्रामुख्याने पुणे, मुंबई येथील क्लबांच्या आवारात राहिला. सिडकोने खारघरच्या डोंगरपायथ्याशी उभारलेल्या मैदानासारखी, शुल्क भरून सर्वसामान्यांना खेळता येतील अशी ठिकाणे मोजकीच. पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी आणि पुण्याचाच उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळले, तेव्हा हा खेळ आपल्या वर्तमानपत्रांत आला. पुढे २०२२ मध्ये सौदी अरेबियाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या ‘लिव्ह गोल्फ’ या स्पर्धामालिकेत लाहिरी सामील झाला, त्या वादाच्या बातम्याही आल्या. तो वाद पैशाचा होता. मला आज सांगायचे आहे ते त्याहून जुन्या एका वादाविषयी, आणि त्याचा संबंध आपल्या प्रत्येकाच्या घराशी आहे. चालणे हा माणसाच्या कर्तृत्वाचा भाग मानायचा, की ते केवळ एका जागेवरून दुसऱ्या जागी पोहोचण्याचे साधन?

एका पायाचा खटला

गोल्फमध्ये चेंडू दांड्याने टोलवत अठरा खळग्यांपर्यंत न्यायचा असतो. ज्याला कमीत कमी फटके लागतील तो विजयी. हा सारा फेरा सुमारे आठ किलोमीटरचा असतो आणि त्याला चार-पाच तास लागतात.

केसी मार्टिन हा अमेरिकेचा गुणी खेळाडू. त्याच्या उजव्या पायात जन्मजात दोष होता. पायाच्या शिरांमधून रक्त हृदयाकडे नीट परतत नसे. त्यामुळे चालताना तीव्र वेदना होत, रक्तस्रावाचा व रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असे, आणि हाड इतके दुबळे झाले होते की ते मोडल्यास पाय कापावा लागेल, अशी डॉक्टरांना भीती होती. त्याने स्पर्धेत गाडी वापरण्याची परवानगी मागितली. व्यावसायिक गोल्फचे नियमन करणाऱ्या ‘पीजीए टूर’ने ती नाकारली. चालण्याने येणारा थकवा हा स्पर्धेचाच भाग आहे, असे तिचे म्हणणे. अर्नोल्ड पामर, जॅक निकलॉस यांच्यासारख्या थोर खेळाडूंनी संस्थेच्या बाजूने साक्ष दिली.

प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २९ मे २००१ रोजी सात विरुद्ध दोन अशा मताधिक्याने निकाल मार्टिनच्या बाजूने लागला. खेळाचे सार फटका मारण्यात आहे, चालण्यात नाही, असे न्यायालयाने म्हटले. या खटल्यात शरीरक्रियाशास्त्राच्या तज्ज्ञाची साक्ष झाली होती. पाच तासांच्या फेऱ्यात चालण्याने सुमारे ५०० कॅलरीच खर्च होतात, असे त्याचे गणित होते. शिवाय गाडी असूनही मार्टिनला चेंडूपर्यंत जाण्या-येण्यात सुमारे दोन किलोमीटर चालावेच लागे आणि तेवढ्यानेच तो धडधाकट खेळाडूंपेक्षा अधिक थकत असे. म्हणजे गाडीमुळे त्याला वरचढ फायदा मिळत नव्हता. इतरांच्या पंगतीत बसण्यापुरती जागा तेवढी मिळत होती. पुढे त्याचे पायाचे हाड खरोखरच मोडले, ते जुळून आले नाही आणि २०२१ मध्ये पाय कापावा लागला. डॉक्टरांची भीती अनाठायी नव्हती.

आपल्याकडेही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा व्यक्तींना वाजवी सोय देणे हे कर्तव्य ठरवले आहे. भारताची गोल्फपटू दीक्षा डागर हिला जन्मापासून ऐकू येत नाही. श्रवणयंत्र लावून ती वाढली, कर्णबधिरांच्या ऑलिंपिकमध्ये तिने सुवर्णपदक मिळवले आणि टोकियो ऑलिंपिकमध्येही ती खेळली. चष्मा लावणाऱ्याला किंवा श्रवणयंत्र वापरणाऱ्याला आपण भित्रा म्हणत नाही. मग काठी घेणाऱ्यालाच संकोच का वाटावा?

मोडक्या पायाने चालण्याचे कौतुक

२०१९ मध्ये बेथपेजच्या त्याच अवघड मैदानावर व्यावसायिकांची मोठी स्पर्धा झाली. जॉन डॅली या माजी विजेत्याने गुडघ्याच्या संधिवातामुळे गाडी मागितली व ती त्याला मिळाली. त्यावर टीका झाली. टायगर वूड्सला विचारले असता, आपण मोडक्या पायाने चाललो होतो, असे तो म्हणाला. ते खरेच होते. २००८ मध्ये टॉरी पाइन्स या सॅन दिएगो नगरपालिकेच्या मैदानावर गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेला आणि नडगीच्या हाडाला तडे गेलेले असताना तो पाच दिवस खेळला आणि जिंकला. त्यानंतर शस्त्रक्रिया होऊन उरलेला सारा हंगाम त्याला घरी बसावे लागले.

खेळाडूच्या जिद्दीविषयी मला आदर आहे. परंतु डॉक्टर म्हणून मी हा प्रसंग आदर्श म्हणून सांगणार नाही. नडगीचे असे तडे मी आपल्या भागातही पाहतो. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांनी अथवा अनवाणी, एकाएकी रोज कित्येक किलोमीटर धावू लागतात. तीन-चार आठवड्यांनी नडगीच्या एका ठरावीक ठिकाणी बोट ठेवले तरी कळ येते. ‘दुखणे अंगावर काढले की अंग तयार होते’ असे त्यांना कोणीतरी सांगितलेले असते. हाडाला वारंवार ताण पडून त्याला बारीक चीर पडते आणि सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत ती एक्स-रेमध्ये दिसेलच असे नाही. अशा वेळी धावणे थांबवून काही आठवडे विश्रांती घेतली तर हाड भरून येते. न थांबल्यास चिरेचे रूपांतर पूर्ण मोडण्यात होऊ शकते आणि मग त्या वर्षीची भरतीच हातची जाते.

उन्हाचा धडा

मार्टिनच्या खटल्यात केन व्हेंचुरी या जुन्या विजेत्यानेही संस्थेच्या बाजूने साक्ष दिली होती. १९६४ मध्ये वॉशिंग्टनजवळ भर उन्हाळ्यात झालेल्या यूएस ओपनच्या अखेरच्या दिवशी त्याला एकापाठोपाठ दोन फेरे, म्हणजे छत्तीस खळगे, पायी खेळावे लागले. पहिल्या फेऱ्यानंतर तो कोसळण्याच्या बेतात होता. आणखी खेळलास तर जिवावर बेतेल, असे डॉक्टरांनी बजावले. तरी तो उतरला. डॉक्टर मिठाच्या गोळ्या व बर्फ घेऊन त्याच्या सोबत चालले आणि तो जिंकला. पुढच्याच वर्षी आयोजकांनी एका दिवसात दोन फेऱ्यांची पद्धत बंद करून स्पर्धा चार दिवसांची केली.

मला या कथेतील शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे वाटते. माणसाची सहनशक्ती वाढण्याची वाट न पाहता त्यांनी वेळापत्रक बदलले. खटल्यातील तज्ज्ञानेही हेच सांगितले होते की, कडक उन्हात थकवा येतो तो चालण्यापेक्षा शरीरातील पाणी कमी झाल्यामुळे. पश्चिम विदर्भात मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो, तेव्हा वावरातील कामे सकाळी दहाच्या आत आणि सायंकाळी चारनंतर करणे यात कसलाही कमीपणा नाही. मिठाच्या गोळ्यांऐवजी जलसंजीवनी घ्यावी. एक पुडी एक लिटर पाण्यात, किंवा घरी एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापले, शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत आणून, अंगावर पाणी शिंपडून, वारा घालत तातडीने रुग्णालयात न्यावे. शुद्ध नसताना तोंडाने काहीही पाजू नये.

चालणे हे औषधच, मात्रा जपावी

यावरून चालणे टाळावे, असा निष्कर्ष कृपया काढू नका. स्वीडनमध्ये सुमारे तीन लाख गोल्फ खेळणाऱ्यांची माहिती तपासण्यात आली. त्यांचा मृत्युदर त्याच वयाच्या व आर्थिक स्थितीच्या इतर लोकांपेक्षा सुमारे ४० टक्के कमी आढळला. हा सारा गुण एकट्या खेळाचा म्हणता येणार नाही, कारण मुळात निरोगी माणसेच अधिक खेळतात. तरी मोकळ्या हवेत नियमित चालण्याचा त्यात वाटा असावा, हे पटण्यासारखे आहे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करावा. पाच दिवस अर्धा तास भरभर चालले की हे साधते.

वावरात दिवसभर राबणाऱ्या माझ्या भगिनी म्हणतात, ‘आमचे चालणे होतेच की!’ निंदणात उकिडवे बसून सरकत जाणे आणि सोयाबीनच्या सोंगणीत वाकून राहणे हे कष्ट आहेत, पण गुडघ्याला हितकर व्यायाम नव्हेत. उकिडवे बसल्याने गुडघ्याच्या सांध्यावर फार दाब येतो. शक्य तेथे लहान पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर बसावे आणि अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे.

गुडघा झिजला म्हणून पूर्ण विश्रांती घेतली तर मांडीचे स्नायू दुबळे होतात आणि दुखणे वाढते. पुढील गोष्टी घरच्या घरी करता येतात :

• खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ करावा, पाच ते दहा अंक मोजेपर्यंत धरावा, मग खाली आणावा. प्रत्येक पायाने दहा वेळा, दिवसातून दोनदा.

• चालण्याने दुखणे थोडे वाढले तर घाबरू नये. परंतु वाढलेली वेदना दोन तासांनंतरही टिकली तर दुसऱ्या दिवशी अंतर कमी करावे.

• वजन जास्त असल्यास ते उतरवावे. एक किलो वजन घटले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो.

• काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. सरळ उभे राहून हात सैल सोडला असता काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. टोकाला रबरी टोपण असावे आणि ते झिजले की बदलावे.

• वेदनाशामक गोळ्या दुकानातून आणून महिनोन्महिने घेऊ नयेत. जठर व मूत्रपिंडे यांची हानी होते.

कधी चालू नये?

गुडघा लाल, गरम होऊन ताप आला. पायावर भारच देता येत नसेल. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली. रात्री झोपेतही दुखणे थांबत नसेल. अथवा चालताना छातीत दडपण आले, तर चालणे थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. थोडे चालताच पोटरीत गोळा येतो आणि थांबताच बरे वाटते, अशी तक्रार बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत किंवा मधुमेहींत आढळली तर रक्तवाहिन्या तपासाव्यात. मधुमेही व्यक्तीने अनवाणी चालू नये आणि रोज रात्री तळपाय पाहावेत.

घरच्यांसाठी दोन शब्द

काठी सुचवली की अनेक आजोबा म्हणतात, ‘काठी हाती आली म्हणजे माणूस संपला.’ अनुभव याच्या उलट आहे. काठी नाकारणारे हळूहळू बाजेला खिळतात. आधी वावर सुटते, मग पारावरच्या गप्पा, शेवटी अंगणही. एके दिवशी न्हाणीत पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि त्यानंतरचा काळ फार कठीण जातो. काठी घेणारे मात्र देवळापर्यंत, धुऱ्यापर्यंत जात राहतात. म्हणून वडीलधाऱ्यांनी काठी घेतली तर त्यांची थट्टा करू नका. बांध चढवत नसेल तर नातवाने दुचाकीवरून वावरापर्यंत न्यावे आणि तेथे आजोबांनी पिकातून दोनशे पावले फिरावे. गाडीत बसूनही मार्टिनचे दोन किलोमीटर चालणे होतच होते. तेवढ्या चालण्याने त्याचा खेळ सुटला नाही, आणि आपल्या घरातील माणसाचे वावरही सुटू नये.