पिस्तुलाचा परवाना : कोण देतो, कुणाला मिळतो



चावडीवर, एस. टी.च्या थांब्यावर किंवा तहसील कचेरीच्या ओट्यावर एक प्रश्न वरचेवर कानी पडतो : "पिस्तुलाचं लायसन कसं काढायचं हो?" विचारणारांची कारणे निरनिराळी असतात. कुणाची वस्ती गावापासून दूर, मळ्यात असते. कुणाचा सराफीचा धंदा असतो आणि रात्री रोकड घेऊन घरी यावे लागते. कुणाच्या उसात रानडुकरे शिरतात. आणि खरे सांगायचे तर कमरेला पिस्तूल असले म्हणजे चारचौघांत वजन वाढते, असेही काहींना वाटते. सल्ला देणारांना तर तोटाच नसतो. एक म्हणतो, "वरपर्यंत ओळख लागते." दुसरा म्हणतो, "दहा एकर जमीन दाखवावी लागते." तिसरा हळूच म्हणतो, "मी माणूस सांगतो, चार पैसे जातील, पण काम होईल."

हे सल्ले ऐकून माणूस फसतो. म्हणून कायदा स्वतः काय म्हणतो, तेच आज पाहू.

सध्याचा कायदा म्हणजे शस्त्र अधिनियम, १९५९. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. त्याखालचे तपशीलवार नियम २०१६ साली नव्याने करण्यात आले आणि २०१९ साली मूळ कायद्यात महत्त्वाची दुरुस्ती झाली. शस्त्रे हा विषय घटनेने केंद्राकडे सोपविला आहे. म्हणून कायदा दिल्लीचा. पण नागरिकाला परवाना देणारा अधिकारी मात्र त्याच्याच जिल्ह्यातला असतो.

या कायद्यापूर्वी १८७८ चा कायदा होता. तो लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत झाला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगता येत नसे आणि युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. हा भेदभाव लोकांच्या मनाला फार लागला. १९३१ साली कराचीच्या काँग्रेस अधिवेशनात मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला होता. पुढे स्वतंत्र भारताची घटना तयार होत असताना, डिसेंबर १९४८ मध्ये, हरि विष्णू कामत यांनी हा हक्क घटनेत असावा अशी सूचना मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला उत्तर दिले आणि ती सूचना स्वीकारली गेली नाही.

याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. हत्यार बाळगणे हा आपल्याकडे मूलभूत हक्क नाही. "मला हवं आहे, म्हणून द्या," असे कुणाला म्हणता येत नाही. पण अर्ज करण्याचा, त्या अर्जाचा नियमाप्रमाणे विचार होण्याचा आणि नकार मिळाला तर त्याचे कारण विचारण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. तो श्रीमंत असो की गरीब. कायद्याच्या १४ व्या कलमात स्पष्टच म्हटले आहे की, अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. तेव्हा दहा एकर जमिनीची गोष्ट आपण सोडून द्यावी.

आता मुख्य मुद्दा. कायदा सगळ्या बंदुकांना एकाच मापाने मोजत नाही. पिकाच्या राखणीसाठी खऱ्याखुऱ्या गरजेने मागितलेली ठासणीची बंदूक, किंवा संरक्षणासाठी अथवा खेळासाठी मागितलेली, निदान २० इंच लांब नळीची, आतून गुळगुळीत नळीची बंदूक, यांच्या बाबतीत कायद्याचा सूर सौम्य आहे. अर्जदारात दुसरा काही दोष नसेल, तर असा परवाना द्यावा, असे १३ वे कलम सांगते. ठासणीच्या बंदुकीने पिकाची राखण होण्यासारखी नसेल, तर त्याऐवजी दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते.

पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर या वर्गात बसत नाहीत. त्यांच्यासाठी अर्जदाराजवळ योग्य कारण आहे, अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. असा फरक का? लांब बंदूक खांद्यावर घेऊन माणूस निघाला, तर सारा गाव पाहतो. पिस्तूल सदऱ्याखाली लपते. ते बाजारात, लग्नात, सभेत, कुठेही नेता येते आणि रागाच्या एका क्षणी हातात येते. म्हणून त्याची चौकशी अधिक बारकाईने होते, आणि ते रास्तच आहे. उसातल्या रानडुकरांसाठी कुणी पिस्तुलाचा अर्ज केला, तर तो अर्ज मुळातच लंगडा ठरतो.

इथे आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. वन्य प्राण्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. पिकाची नासधूस करणाऱ्या प्राण्याबाबत काय करता येईल, हे आधी वन खात्याकडे विचारावे आणि परवानगी लेखी घ्यावी.

बरे, अर्ज करायचा कुणाकडे? जिल्ह्यात जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे आपले कलेक्टर साहेब, हे परवाना देणारे अधिकारी. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या ज्या शहरांत पोलीस आयुक्तालय आहे, तिथे पोलीस आयुक्त. तलाठी, तहसीलदार किंवा ठाण्याचे फौजदार यांना परवाना देण्याचा अधिकार नाही. तेव्हा "मी देतो मिळवून" असे म्हणणाऱ्या मध्यस्थाला तर तो कुठून असणार?

अर्ज नमुना ए-१ मध्ये करायचा असतो. त्याबरोबर ओळखीचा, राहत्या जागेचा आणि जन्मतारखेचा पुरावा, छायाचित्रे आणि शरीर व मन सुदृढ असल्याचा डॉक्टरांचा दाखला लागतो. हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याचे शिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र आणि ते घरी सुरक्षित ठेवण्याची हमीही नियमांत सांगितली आहे. अर्जात कारणाचा रकाना असतो. तो सर्वांत महत्त्वाचा. "संरक्षणासाठी" एवढा एकच शब्द लिहून भागत नाही. धोका कशाचा, कुणापासून, पूर्वी काय घडले, पोलिसांत तक्रार दिली होती काय, तिची तारीख कोणती, हे सरळ भाषेत लिहावे आणि कागद जोडावेत. पूर्वी अर्ज नाकारला गेला असेल किंवा एखादा खटला झाला असेल, तर तेही लपवू नये. खोटी माहिती पुढे उघडकीस आली, तर मिळालेला परवानाही जातो.

काही जणांना परवाना मिळतच नाही. ज्याची २१ वर्षे पूर्ण झालेली नाहीत, ज्याचे मन स्थिर नाही, मारहाणीच्या किंवा नीतिभ्रष्टतेच्या गुन्ह्यात ज्याला कैदेची शिक्षा झाली आणि शिक्षा संपून पाच वर्षे लोटलेली नाहीत, किंवा शांतता राखण्याचे बंधपत्र ज्याच्याकडून घेतले आहे व त्याची मुदत चालू आहे, अशांना मनाई आहे. सार्वजनिक शांततेला धोका वाटला तरीही परवाना नाकारता येतो.

अर्ज आल्यावर अधिकारी जवळच्या पोलीस ठाण्याकडून अहवाल मागवितो. २०१६ च्या नियमांप्रमाणे हा अहवाल ३० दिवसांत जायला हवा. मुदतीत आला नाही, तर अहवालाची आणखी वाट न पाहता निर्णय घेण्याची मुभा कायद्याने अधिकाऱ्याला दिली आहे. म्हणून अर्जाची पोच जपून ठेवावी आणि मुदत उलटल्यावर लेखी विचारणा करावी. तोंडी हेलपाट्यांपेक्षा एक अर्ज अधिक काम करतो.

या चौकशीत पोलीस गावातही विचारपूस करतात. पोलीस पाटील, सरपंच, शेजारी, कधी शाळेचे गुरुजी यांना विचारले जाते : हा माणूस कसा आहे? इथे माझी हात जोडून विनंती आहे. भिडेखातर "चांगला आहे" म्हणू नका. दारू पिऊन घरात मारझोड करणारा, बांधावरून भावावर कुऱ्हाड घेऊन धावणारा माणूस गावाला ठाऊक असतो, कचेरीला नसतो. आपण गप्प बसलो आणि पुढे काही विपरीत झाले, तर त्या घरच्या बायकामुलांना आपण काय उत्तर देणार? आणि वैरापोटी भल्या माणसाविरुद्ध खोटे सांगणे हेही तितकेच वाईट.

परवाना नाकारला गेला, तर अधिकाऱ्याने कारणे लेखी नोंदवावी लागतात. आपण मागणी केल्यास त्यांचे थोडक्यात टिपण मिळते. मात्र ते देणे सार्वजनिक हिताचे नाही असे वाटले, तर अधिकारी ते देण्यास नकार देऊ शकतो. नकाराविरुद्ध अपील करण्याची सोय १८ व्या कलमात आहे. अपिलाला मुदत असते, म्हणून पत्र हाती आल्याबरोबर हालचाल करावी.

परवाना मिळाला, म्हणजे दुकानातले कोणतेही हत्यार घेता येते असे नाही. लष्कर आणि पोलीस वापरतात तशी काही मापांची हत्यारे सामान्य नागरिकाला मना आहेत. ९ मिलिमीटरचे पिस्तूल त्यांपैकीच एक. नागरिकांसाठी कानपूरच्या सरकारी कारखान्यांतून .३२ मापाची रिव्हॉल्व्हरे निघतात. खरेदी परवानाधारक विक्रेत्याकडूनच करायची. ती परवान्यात दिलेल्या मुदतीत करायची आणि हत्याराचा क्रमांक परवान्यावर नोंदवून घ्यायचा. काडतुसेही परवान्यावर लिहिली असतील तेवढीच मिळतात. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात. पूर्वी तीन चालत. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली आहे. ती संपण्याच्या पुरेसे आधी नूतनीकरणाचा अर्ज द्यावा.

घरात वडिलांच्या नावाचे हत्यार असेल आणि वडील वारले, तर ते आपोआप मुलाचे होत नाही. दुःखाचे दिवस असले, तरी ते हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे आणि मग वारसाने आपल्या नावाने अर्ज करावा. "वाडवडिलांची खूण" म्हणून ते माळ्यावर ठेवून देणारे कितीतरी भले लोक नकळत गुन्हेगार ठरतात.

परवाना असला, तरी गोळी झाडण्याची मोकळीक मिळत नाही. स्वसंरक्षणाचा हक्क १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आहे. त्यापूर्वी तो दंडसंहितेत होता. त्याची मर्यादा एकच : बचावाला आवश्यक तेवढेच बळ. चोर पाठ फिरवून पळत असेल, तर त्याच्यावर गोळी झाडणे म्हणजे आपणच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहणे. वरातीत किंवा निवडणुकीच्या विजयात हवेत बार काढण्याची हौसही महागात पडते. २०१९ पासून, त्यामुळे माणसांच्या जिवाला धोका झाला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच. मांडवात कुणाचे लेकरू उभे आहे, हे तिला दिसत नाही.

परवान्याच्या खटपटीला कंटाळून काही तरुण गावठी कट्ट्याच्या मागे लागतात. यासारखा घातक विचार नाही. परवान्यावाचून बंदूक बाळगली, तर निदान दोन वर्षे आणि जास्तीत जास्त पाच वर्षे कैद व दंड अशी शिक्षा आहे. शिवाय असल्या कट्ट्याची नळी केव्हा फुटेल याचा नेम नसतो. शिक्षक मित्रांनी वरच्या वर्गातल्या मुलांना हे अवश्य सांगावे. कट्टा हातात घेऊन छायाचित्र काढणे आणि ते दोस्तांना पाठविणे, एवढ्यावरूनही पोलीस दारात येतात, हेही त्यांना समजावे.

शेवटी घरातली गोष्ट. हत्यार कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात आणि किल्ल्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी, हा रोजचा नियम. आणि एक गोष्ट त्याहून नाजूक. नापिकी होते, कर्जाचा बोजा चढतो, घरात कुणाचे मन खचते. तो माणूस बोलेनासा होतो, जेवेनासा होतो. अशा वेळी लाज न बाळगता हत्यार घराबाहेर काढावे, ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करून पोच घ्यावी, आणि त्या माणसाला एकटे न सोडता डॉक्टरांकडे न्यावे. दिवस पालटल्यावर हत्यार परत आणता येते. माणूस आणता येत नाही.

तेव्हा मंडळी, परवान्याचा अर्ज लिहायला बसण्यापूर्वी कागदावर आपल्याच हाताने एक ओळ लिहून पाहावी : मला हे कशासाठी हवे? मळ्यात चांगला दिवा, भुंकणारे कुत्रे, दाराला पक्की कडी आणि हाकेला ओ देणारा शेजारी यांनी भागत असेल, तर पिस्तुलाची काळजी विकत घेऊ नये. आणि खरोखरच गरज असेल, तर मध्यस्थाला एक पैसाही न देता, सरळ दाराने, खरे कारण लिहून अर्ज करावा. कायदा आपल्याला तेवढा मान देतो. आपणही कायद्याला तेवढा मान द्यावा.