सरकार बदललं की पेन्शनचं काय होतं? वसई-विरारकरांच्या भीतीमागचं गणित

१६ जानेवारी २०२६ ला वसई-विरार महापालिकेचा निकाल लागला आणि ११५ जणांच्या सभागृहात बहुजन विकास आघाडी बहुमतानं परतली. त्याच्या चौदा महिने आधी, नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला, याच पट्ट्यात हितेंद्र ठाकूर वसईतून, क्षितिज ठाकूर नालासोपाऱ्यातून आणि राजेश पाटील बोईसरमधून पडले होते. म्हणजे आमदार एका बाजूचे, महापालिका दुसऱ्या बाजूची.

असा सत्ताबदल झाला की इथल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज फिरायला लागतात. एक, आता घरपट्टी वाढणार. दुसरा, आता पेन्शन कापणार. मेसेज पाठवणारा सहसा कुठल्या सरकारनं, कुठली पेन्शन, हे सांगत नाही, आणि सगळी गडबड तिथूनच सुरू होते.

कारण ‘पेन्शन’ नावाची एकच गोष्ट नसते. विरारच्या एखाद्या चार मजली इमारतीचा विचार करा. तळमजल्यावर पश्चिम रेल्वेतून निवृत्त झालेले काका, त्यांची पेन्शन केंद्राची. वर जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई, त्यांची राज्याची. त्यांच्या शेजारी वालीवच्या कारखान्यात आयुष्य घालवलेला कामगार, त्याची पेन्शन भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडून. आणि सगळ्यात वर मुलाकडे राहणारी आजी, तिला श्रावणबाळ योजनेचे पैसे. या चौघांचे निर्णय वेगवेगळ्या टेबलांवर होतात आणि महापालिकेत कोण बसलंय याचा त्यातल्या एकाशीही संबंध नाही.

मग भीती खोटी आहे का? तर तसंही नाही. आहे ती पेन्शन उघडपणे कापणं सरकारला फार अवघड आहे. नुकसान होतं ते दुसऱ्या वाटेनं, आकडा आहे तिथंच गोठवून ठेवून.

रेल्वेवाल्या काकांपासून सुरुवात करू.

नोव्हेंबर २०२५ मध्ये एक मेसेज देशभर फिरला. वित्त कायदा २०२५ मुळे निवृत्तांना यापुढे महागाई भत्त्याची वाढ आणि वेतन आयोगाचा फायदा मिळणार नाही, असं त्यात होतं. पीआयबी फॅक्ट चेकनं तो खोटा ठरवला. जो नियम बदलला होता तो सार्वजनिक उपक्रमात सामावून घेतलेल्या आणि नंतर गैरवर्तनामुळे बडतर्फ झालेल्या कर्मचाऱ्यांपुरता होता.

पण मेसेज खोटा असला तरी त्यामागची धाकधूक हवेतून आली नव्हती. वित्त कायदा २०२५ मध्ये खरोखर एक तरतूद आहे. निवृत्तीच्या तारखेनुसार पेन्शनधारकांमध्ये फरक करण्याचा अधिकार केंद्राला आहे, असं त्यात नमूद केलं गेलं आणि तेही १ जून १९७२ पासून मागे जाऊन. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी राज्यसभेत सांगितलं की यामुळे आजच्या पेन्शनमध्ये काही बदल होत नाही. पेन्शनर संघटनांचं समाधान झालं नाही, आणि त्याला जुनं कारण आहे. १७ डिसेंबर १९८२ ला सर्वोच्च न्यायालयानं डी. एस. नाकारा प्रकरणात निकाल दिला होता की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, आणि केवळ निवृत्तीच्या तारखेवरून एकाला वाढीव व दुसऱ्याला जुनी पेन्शन देता येणार नाही. तेव्हाचे सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड त्या घटनापीठात होते. १७ डिसेंबर हा दिवस आजही पेन्शनर्स डे म्हणून पाळला जातो. २०१३ मध्ये तर न्यायालयानं पेन्शनला संपत्तीचा हक्क म्हटलं, म्हणजे कायद्याच्या आधाराशिवाय ती काढून घेता येत नाही.

आता आठवा वेतन आयोग बसलाय. अध्यक्ष आहेत न्या. रंजना प्रकाश देसाई आणि मुदत आहे १८ महिने. आयोगाच्या कार्यकक्षेत ‘कर्मचाऱ्यांच्या योगदानाशिवायच्या पेन्शन योजनांचा खर्च’ विचारात घ्या असा उल्लेख आला आणि जुन्या पेन्शनवाल्यांच्या पोटात गोळा आला. आज मिळणारी रक्कम कमी होईल असं त्यात कुठंही नाही. प्रश्न आहे तो पुढची वाढ जुन्या निवृत्तांना नव्यांइतकीच मिळेल का, हा. उत्तर आयोगाचा अहवाल आल्यावरच कळेल.

नुकसान नेमकं कसं होतं याचं उदाहरण काकांच्या पासबुकातच आहे. कोविडच्या काळात जानेवारी २०२० ते जून २०२१ या १८ महिन्यांत महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवले गेले. पेन्शन दर महिन्याला जमा होत होती, एक रुपयाही कापला गेला नव्हता. पण त्या तीन हप्त्यांची थकबाकी नंतर दिली गेली नाही.

बाईंची गोष्ट वेगळी. इथं सगळं एका तारखेवर अडलंय, १ नोव्हेंबर २००५. त्या दिवशी किंवा नंतर राज्याच्या सेवेत लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. त्यांच्यासाठी आधी अंशदान योजना आणि मग एनपीएस आली, म्हणजे पगारातून कपात, बाजारात गुंतवणूक आणि शेवटी किती मिळेल ते बाजारावर. मार्च २०२३ मध्ये राज्यभरातले कर्मचारी आणि शिक्षक १४ ते २० तारखेपर्यंत संपावर गेले ते यावरूनच.

त्या संपानंतर जे झालं ते सरकार बदलण्याला घाबरणाऱ्यांनी नीट पाहावं. जानेवारी २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ठरवलं की ज्यांच्या भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधी निघाली होती, पण नेमणूक नंतर झाली, त्यांना जुनी पेन्शन निवडता येईल. मार्चमध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सुधारित पेन्शन योजनेची घोषणा केली. २४ ऑगस्ट २०२४ ला केंद्रानं यूपीएस मंजूर केली, म्हणजे २५ वर्षं सेवा असेल तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन आणि १० वर्षांनंतर किमान १० हजार रुपये. दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्र मंत्रिमंडळानं ती स्वीकारली. विधानसभा निवडणूक तेव्हा तीन महिन्यांवर होती, हा योगायोग समजायचा की नाही ते ज्यानं त्यानं ठरवावं. पण निवडणूक झाली, मुख्यमंत्री बदलले, आणि योजना मागे घेतली गेली नाही. लाखो मतदारांना दिलेलं परत घेणं कुठल्याच पक्षाला परवडत नाही.

मात्र हे सगळं संघटित कर्मचाऱ्यांच्या बाबतीत. संप करून राज्य थांबवण्याची ताकद ज्यांच्यात नाही, त्यांचं काय?

वालीव, सातिवली, गोखिवरे या वसई पूर्वेच्या औद्योगिक पट्ट्यात छोटे-मोठे शेकडो गाळे आहेत. प्लास्टिक, इंजिनिअरिंग, पॅकेजिंग असं सगळं तिथं चालतं. ज्यांचा पीएफ कापला गेला त्यांना ईपीएस-९५ ची पेन्शन मिळते. तिचं गणित साधं आहे. मालकाच्या वाट्यातले पगाराच्या ८.३३ टक्के या योजनेत जातात, पण पगार कितीही असो, हिशेब जास्तीत जास्त १५ हजारांवरच. म्हणजे महिन्याला फार तर १,२५० रुपये. निवृत्तीनंतर पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. पगार पूर्ण १५ हजार धरला आणि सेवा १४ वर्षं, तर हातात ३,००० रुपये. ज्यांचा पगार आयुष्यभर याहून कमी दाखवला गेला, त्यांचा आकडा आणखी खाली. म्हणून किमान पेन्शन ठरवावी लागली, ती १,००० रुपये.

हा हजारचा आकडा कधीचा? मनमोहन सिंग सरकारनं २०१४ च्या सुरुवातीला तो मंजूर केला आणि नरेंद्र मोदी सरकारनं त्याच वर्षी सप्टेंबरपासून लागू केला. सत्ता बदलली तरी आकडा तोच राहिला. त्यानंतर लोकसभेच्या आणखी दोन निवडणुका झाल्या आणि किमान पेन्शन अजून १,००० रुपयेच आहे. १५ हजारांची पगारमर्यादाही त्याच सप्टेंबर २०१४ ची. गंमत म्हणजे ही किमान पेन्शन निदान ३,००० करा अशी शिफारस २०१३ मध्येच राज्यसभेच्या याचिका समितीनं केली होती. समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, जे पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. आता ७,५०० रुपये अधिक महागाई भत्ता अशी मागणी घेऊन ईपीएस पेन्शनरांचं आंदोलन बुलढाण्यातून वर्षानुवर्षं चालू आहे.

सरकारी पेन्शनला महागाई भत्ता जोडलेला असतो, ईपीएसला नाही. २०१४ मध्ये हजार रुपयांत जेवढा किराणा यायचा तेवढा आज येत नाही. पेन्शन ‘कापली’ असं यालाच म्हणायला हवं, फक्त त्याचा कुठं जीआर निघत नाही.

वरच्या मजल्यावरच्या आजीच्या बाबतीत तर आणखी एक मेख आहे, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही.

श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरच्या निराधार ज्येष्ठांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात. २०२३ मध्ये ही रक्कम हजारावरून दीड हजार झाली. २०२४ च्या निवडणुकीत महायुतीच्या दहा आश्वासनांमध्ये वृद्धांची पेन्शन २,१०० करू असंही होतं आणि लाडक्या बहिणींना २,१०० देऊ असंही. चर्चा बहिणींच्या २,१०० ची झाली, आजी-आजोबांचं मागे राहिलं.

मेख उत्पन्नाच्या अटीत आहे. लाडकी बहीण योजनेसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं, पण वयाची अट २१ ते ६५. श्रावणबाळला वय ६५ पासून पुढे, पण उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार, म्हणजे महिन्याला १,७५०. आता नालासोपाऱ्यात मुलाच्या घरी राहणाऱ्या एखाद्या बाईचा विचार करा. मुलगा रिक्षा चालवतो, घरात महिन्याला पंधरा-सोळा हजार येतात. ६५ पूर्ण होईपर्यंत तिला दीड हजार मिळत होते. ६५ झाले की लाडकी बहीण बंद, आणि २१ हजारांच्या उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून मिळणं कठीण. कुठल्याही नव्या सरकारनं काही न करता तिचे पैसे थांबतात.

टॅक्सकडे वळू. इथं आयकराची भीती बहुतेक ज्येष्ठांसाठी अनाठायी आहे. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर लागत नाही, आणि पेन्शनवर ७५ हजारांची स्टँडर्ड डिडक्शन वेगळी. बँकेच्या व्याजावर ज्येष्ठांचा टीडीएस कापायची मर्यादाही १ एप्रिल २०२५ पासून ५० हजारांवरून १ लाख झाली. १ एप्रिल २०२६ ही आयकर कायदा २०२५ लागू होण्याची तारीख आहे. तो १९६१ च्या कायद्याची जागा घेतो, भाषा सोपी करतो, कलमांची संख्या कमी करतो, पण नवा कायदा म्हणजे नवे दर नव्हेत. जपायचं एका ठिकाणी. घर किंवा शेअर विकून झालेला नफा या १२ लाखांच्या सवलतीत बसत नाही.

घरपट्टीचं तसं नाही. तिथं भीतीला खरा इतिहास आहे.

३ जुलै २००९ ला चार नगरपालिका आणि ५३ ग्रामपंचायती मिळून वसई-विरार महापालिका झाली. पश्चिमेच्या गावांचा विरोध होता आणि त्यात करवाढ हा मोठा मुद्दा होता. ग्रामपंचायतीची घरपट्टी भरणाऱ्याला शहराचा कर भरावा लागणार होता. कायद्यात ही वाढ टप्प्याटप्प्यानं करण्याची सोय आहे, पण टप्पे संपतात. त्या आंदोलनाचे नेते विवेक पंडित २००९ मध्ये अपक्ष म्हणून वसईचे आमदार झाले. २०११ मध्ये राज्य सरकारनं २९ गावं वगळण्याचा निर्णय घेतला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि २०२४ मध्ये राज्यानं ती गावं महापालिकेतच ठेवायचं ठरवलं. त्याच वर्षी पंडित यांची कन्या स्नेहा दुबे पंडित वसईतून भाजपच्या आमदार झाल्या. गावं आत की बाहेर हे राज्य ठरवतं, महापालिका नाही.

तसंच ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करमाफीचं. मुंबईला ती १ जानेवारी २०२२ पासून मिळाली, पण मुंबईचा कायदा १८८८ चा वेगळा, वसई-विरारला लागू असलेला १९४९ चा वेगळा. इथं तशी माफी हवी असेल तर दार मंत्रालयाचं ठोठवावं लागेल.

दर मात्र पालिकेच्या हातात आहेत. पुढच्या आर्थिक वर्षाचे करांचे दर सभागृहानं २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात, स्थायी समितीचा प्रस्ताव पाहून. जून २०२० मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपल्यापासून या निवडणुकीपर्यंत हे सगळं प्रशासक एकटे ठरवत होते. साडेपाच वर्षांनंतर आता दरवाढीच्या ठरावावर हात वर करणारा प्रभागातला नगरसेवक आहे, आणि त्यानं कुठल्या बाजूनं हात वर केला हे सभेच्या इतिवृत्तात पाहता येतं.