रिकाम्या चढाईचं मोल

गुणफलक हलत नाही. चढाईपटू आला, तीस सेकंदांच्या आत निदान रेषा ओलांडून सुखरूप परत गेला. कुणी बाद नाही, कुणाला गुण नाही. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत या चढाईचा उल्लेखही येणार नाही. पण मला कबड्डीतलं सगळ्यात थक्क करणारं काम हेच वाटतं: चढाईपटूला रिकाम्या हाताने परत पाठवणं. हे काम शिकवणारा प्रशिक्षक चांगला की सामान्य, हे ठरवायचं तर जे घडलंच नाही ते मोजावं लागतं.

डाव्या कोपऱ्यातल्या पोराकडे बघा. पुरुषांच्या मैदानात निदान रेषा मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर, आणि तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. बोनस मिळवायचा तर चढाईपटूचा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकलेला आणि दुसरा हवेत हवा. म्हणजे गुण कमावतानाच त्याचा सगळा तोल एका घोट्यावर येतो. कोपऱ्यातल्या पोराचा हात नेमका तेव्हाच सुटला पाहिजे. जरा आधी सुटला तर पाय मागे ओढला जातो, जरा उशीर झाला तर चढाईपटू वळलेला असतो. आणि कित्येकदा हात सुटतच नाही, कारण शेजारचा मध्यरक्षक अजून दोन पावलं लांब आहे, हे त्या पोराने डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपलेलं असतं. हे आवरणं शिकवावं लागतं. उपजत ओढ झडप घालण्याचीच असते.

ती ओढ किती महागात पडते, याचा हिशेब साधा आहे. पकड यशस्वी झाली तर एक गुण. एकट्याने धरलं आणि चढाईपटू निसटला तर एक गुण गेला. म्हणजे दोनात एक पकड साधली तर बरोबरी. दोघांची साखळी तुटली तर दोघेही बाद, मग तिनात दोन साधायला हव्यात. तिघे तुटून पडले तर चारात तीन! माणसं वाढवली की पकड घट्ट होते, पण चुकीची किंमतही तेवढीच वाढते.

मैदानात तीन किंवा कमी गडी उरले की गणित पालटतं. आता यशस्वी पकड 'अव्वल पकड' ठरते आणि तिचे दोन गुण, त्यामुळे एकट्याला तिनात एक पकडही पुरते. पण तिघांनीही एकदम अंग टाकलं आणि चढाईपटू मध्यरेषेला पोचला, तर त्याच्या संघाला तीन गुण आणि वर सगळा संघ बाद केल्याबद्दल लोणाचे दोन. प्रो कबड्डीत सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. तिथे नुसतं अंग वाचवत मागे सरकत राहिलं, तरी गुण बचावाचा.

म्हणून एकूण पकडींचा आकडा बघून प्रशिक्षकाला शाबासकी देणं मला पटत नाही. किती गडी शिल्लक असताना, चढाई कितवी असताना आणि कितीजणांनी हात घातला, हे शेजारी लिहिलेलं नसेल तर तो आकडा मुका आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये बचावाचा वेगळा प्रशिक्षक असतो, दोष-श्रेय कुणाचं हे निदान नावाने तरी ठरतं. आपल्याकडे बहुतेकदा चढाई-बचाव दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यावर.

त्यातून खेळाडूचं श्रेय वेगळं कसं काढायचं? 1 मार्च 2024 ला पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून प्रो कबड्डीचं विजेतेपद घेतलं. त्या हंगामात पुण्याच्या इराणी महम्मदरेझा शादलूने पकडींचे 99 गुण मिळवले होते. पुढच्या हंगामात तो हरियाणाकडे गेला, आणि हरियाणा विजेता ठरला, पाटणा पायरेट्सविरुद्ध 32-23 असा. श्रेय शादलूचं म्हणाल, तर हरियाणा त्याच्याशिवायही अंतिम सामन्यापर्यंत आलाच होता, आणि दोन्ही वर्षं प्रशिक्षक मनप्रीत सिंगच होते. मला ही जोडी विलक्षण वाटते: एकीकडे खेळाडू बदलला, दुसरीकडे प्रशिक्षक तोच राहिला. तरी दोन हंगामांवरून निवाडा करायला मन धजत नाही.

प्रशिक्षकाच्या कामाची याहून मोठी साक्ष जकार्ताची. 2018 च्या आशियाई स्पर्धेत इराणच्या महिलांनी भारताला 27-24 असं हरवलं. 2010 आणि 2014 ची सुवर्णपदकं भारताची होती, आणि 2014 च्या अंतिम सामन्यात हरलेला संघ इराणचाच. जकार्तात त्या संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. मराठी मातीतलं शिक्षण परदेशी मुलींच्या अंगात किती मुरलं, हे त्या तीन गुणांनी दाखवलं.

जकार्ताच्या ब्याऐंशी वर्षं आधी हा खेळ परदेशी नेला तो अमरावतीने. वैद्य बंधूंनी 1914 मध्ये स्थापलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे कबड्डी खेळून दाखवली. तेव्हा ते प्रात्यक्षिक होतं, हारजितीचा प्रश्न नव्हता.

अमरावती-अकोल्याकडे गावात सामना लागला, तर एकदा चढाईपटूवरची नजर काढा आणि फक्त कोपऱ्याकडे ठेवा. कागदावर दोन रकाने आखा: हात घातला, हात आवरला. शेजारी गडी किती उरलेत ते लिहा. गुणपत्रिकेत नसलेला सामना त्या दुसऱ्या रकान्यात भरत जाईल.