दगडफूल मोजायचं कसं?

दगडफुलाचं पाकीट परातीत पालथं करून एकेक तुकडा भिंगाखाली धरला, की कळतं, यात एकाच जातीचा माल नाही. काही पापुद्र्यांच्या कडांना पापण्यांसारखे काळे केस असतात, काहींना नसतात. मी ब्लेडने वरचा करडा थर खरवडतो आणि आतल्या पांढऱ्या भागावर ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचा थेंब टाकतो. तो भाग लगेच लाल झाला तर आत लेकॅनोरिक आम्ल आहे. कडा बिनकेसांच्या असतील तर हे बहुधा पार्मोट्रेमा टिंक्टोरम. लाल झाला नाही, पण कॉस्टिक पोटॅशने पिवळा पडला, कडांना केस आणि पिठासारखी भुकटीही असली, तर पार्मोट्रेमा पर्लेटम.

याउलट सीताअशोकाचं झाड ओळखायला असा थेंब लागत नाही. लोंबती तांबूस पालवी आणि जुन्या खोडालाही लगडलेले नारिंगी गुच्छ पुरेत. फुलाला पाकळ्याच नसतात, रंग निदलांचा. शेंग धरते, म्हणून कुळ शेंगांचं. (सोसायटीच्या कुंपणालगतचा उंच, सरळसोट ‘अशोक’ सीताफळाच्या कुळातला, त्याचा याच्याशी संबंध नाही.) एक झाड, एक जीव, एक नाव: सराका असोका.

दगडफूल मात्र शैवाक (लायकेन) आहे: त्यात बुरशी आणि हिरवं शैवाल एकत्र नांदतात. स्वित्झर्लंडच्या सायमन श्वेंडेनर यांनी 1860च्या दशकात हे मांडलं, तेव्हा अनेक जाणकार चिडले होते. आजही नाव बुरशीचंच चालतं आणि वर्गीकरणही बुरशींतच होतं. अन्न तयार करणारं शैवाल वेगळ्या नावाने वर्गीकरणाच्या वेगळ्या फांदीवर. मला हा अन्यायच वाटतो.

खरी अडचण संवर्धनाच्या वहीत येते. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने 1998मध्ये धोक्यातल्या जातींच्या आपल्या लाल यादीत सीताअशोक ‘असुरक्षित’ ठरवला. औषधासाठी त्याची साल काढतात. खोडाभोवती पूर्ण सोलली तर झाड मरतं. त्याच लाल यादीत 2003मध्ये जगभरातली शैवाकं होती फक्त दोन. अभ्यासक कमी, हे एक कारण. दुसरं असं, की यादीच्या निकषांत प्रौढ जीव किती, हे विचारतात, आणि दगडफुलाचा एक जीव कुठे संपतो? दोन ठिगळं वाढत वाढत एकमेकांत मिसळतात. त्या भुकटीच्या कणात बुरशी आणि शैवाल दोघंही असतात; तो दुसरीकडे रुजला की नवं ठिगळ. म्हणून अभ्यासकांनी तोडगा काढला: ज्या झाडावर ती जात आहे, ते अख्खं झाड म्हणजे एक जीव. खडकावर असेल तर एक चौरस मीटर म्हणजे एक.