स्टॅटिन सोसत नसेल तर

रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉल कमी करायला पहिले औषध स्टॅटिनच. पण काहींचे स्नायू त्याने दुखतात. अशा वेळी आधी मात्रा कमी करून किंवा दुसरे स्टॅटिन देऊन पाहतात.

तेही जमले नाही तर इझेटिमाइब हा जुना, भरवशाचा पर्याय. ते आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषू देत नाही. एलडीएल साधारण 20 टक्के उतरते. बेम्पेडोइक ॲसिड यकृतात काम करते, पण स्नायूंत सक्रिय होत नाही. स्टॅटिन न सोसणाऱ्या सुमारे 14 हजार रुग्णांच्या 2023 मधील अभ्यासात त्याने हृदयविकाराचे मोठे धोके 13 टक्क्यांनी घटवले. मात्र युरिक ॲसिड वाढते. गाऊटच्या रुग्णांनी जपावे.

पीसीएसके9 हे प्रथिन रोखणारी इंजेक्शने एलडीएल निम्म्यावर आणतात, पण महाग आहेत. त्यांतले इन्क्लिसिरान पहिल्या दोन डोसांनंतर वर्षातून दोनदाच घ्यायचे असून त्याला फ्रिज लागत नाही. भंडारा जिल्ह्यातील एकोडीसारख्या गावासाठी ही मोठी सोय, अडचण किमतीची.

जवस, लसूण पथ्याला चांगले, औषधाच्या जागी नव्हेत. हृदयविकार झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्टॅटिन बंद करू नये.