पिकअपला घरचंच छत



गोरेगावहून हिंगोलीच्या हळद मार्केटला निघालात अन् अवकाळीची एक सर आली, की वाळवून पॉलिश केलेल्या मालाचा भाव तिथंच पडतो. पोत्यांवर नुसती ताडपत्री टाकू नका, खोलगट जागी पाणी साचतं. पाइपच्या तीन कमानी फाळक्याच्या आतून नटबोल्टनं बसवा, मधे उंच ठेवा. वेल्डिंग नको, सोयाबीनच्या वेळी काढाव्या लागतील. कमानीवर जुनी ठिबकची नळी चिरून चढवा, ताडपत्री घासून फाटत नाही.

महत्त्वाचं म्हणजे ताडपत्रीची कड फाळक्याच्या बाहेर लोंबली पाहिजे. आत खोचली तर सगळं पाणी पोत्यांखाली! दोन तुकडे असतील तर पुढचा मागच्यावर घ्या, वारा शिरत नाही. गाडी रात्रभर उभी असली अन् पाऊस नसला, तर मागून थोडं उघडं ठेवा; आत घाम धरतो.