कावीळ, सोनोग्राफी आणि तुंबलेली नळी

आजचा भाग काविळीवर.

कावीळ म्हटलं की आपल्याकडे प्रोग्रॅम ठरलेला असतो. उसाचा रस सुरू, तेलकट बंद, आणि गावात कुणीतरी कावीळ 'उतरवणारा' असतोच. हातावर चुन्याचं पाणी चोळायचं, ते पिवळं निघालं की सगळे खूश. हिपॅटायटिस ए किंवा ई असेल तर हे खपूनही जातं, कारण ती कावीळ बहुतेकांची आपसूकच बरी होते आणि श्रेय चुन्याला मिळतं. पण एक कावीळ अशी आहे की जिच्यात मूळ बिघाड यकृतात नसतो, पित्त वाहून नेणाऱ्या नळीत असतो. नळी तुंबलेली आहे तोवर ती उतरत नाही. डॉक्टर लोक तिला ऑब्स्ट्रक्टिव्ह जॉन्डिस म्हणतात, आणि ती पकडायची पहिली तपासणी म्हणजे पोटाची साधी सोनोग्राफी.

आधी प्लंबिंग बघू. यकृतात पित्त तयार होतं. तिथल्या बारीक नळ्या एकमेकींना मिळत मिळत शेवटी एकच मुख्य पित्तनलिका होते. रिपोर्टमध्ये तिला सीबीडी लिहितात. तिला बाजूने पित्ताशयाची पिशवी जोडलेली असते. ही नळी खाली स्वादुपिंडाच्या डोक्याजवळून जाऊन लहान आतड्यात उघडते. वाटेत कुठेही अडलं की पित्तातलं बिलिरुबिन रक्तात उलटं जातं. मग डोळे पिवळे, लघवी कोऱ्या चहासारखी, अंगाला खाज, आणि शौचाचा रंग उडून ते पांढुरकं, मातकट दिसतं. हे शेवटचं लक्षण कोणी स्वतःहून सांगत नाही. विचारावं लागतं!

आता मशीन. प्रोब आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी ऐकतो. शरीरात आवाज सेकंदाला साधारण १५४० मीटर जातो, म्हणजे १० सेंटीमीटर खोलवरून उत्तर यायला जेमतेम १३० मायक्रोसेकंद. द्रव काळा दिसतो. पित्ताशयातला खडा पांढरा चमकतो आणि त्याच्या मागे काळी सावली पडते. हवा किंवा गॅस आला की मात्र पुढचं सगळं धूसर. हा गॅस लक्षात ठेवा, पुढे तोच व्हिलन आहे.

रेडिओलॉजिस्ट पहिला प्रश्न विचारतो, नळी फुगली आहे का? सीबीडी साधारण ६ मिलिमीटरपर्यंत असते. साठीनंतर थोडी जास्त चालते, पित्ताशय काढलेलं असेल तर आणखी जास्त. यकृताच्या आतल्या नळ्या तर एरवी नीट दिसतही नाहीत. त्या फुगल्या की शेजारच्या पोर्टल व्हेनच्या शाखेला समांतर दुनळी बंदुकीसारख्या दिसायला लागतात. मग डॉपलर लावायचा. रक्त वाहतंय तिथे रंग येतो, पित्ताच्या नळीत येत नाही.

दुसरा प्रश्न, अडलंय कुठे? हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण आम्ही डेव्हलपर बग असाच शोधतो. डेटा कुठपर्यंत नीट येतोय ते बघत जायचं. यकृतातल्या नळ्या फुगलेल्या, पण सीबीडी बारीक आणि पित्ताशय रिकामं, म्हणजे अडथळा वरच, जिथे उजवी-डावी नळी एकत्र येते तिथे. सगळ्याच नळ्या फुगलेल्या आणि पित्ताशयही टम्म, म्हणजे अडथळा खालच्या टोकाला. सोबत स्वादुपिंडाची नळीही फुगली असेल तर डॉक्टर सावध होतात, कारण दोन्ही नळ्या एकत्र अडवायची जागा म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं, आणि तिथे गाठ असू शकते.

तिसरा प्रश्न, कशाने अडलं? खडा असेल तर बहुधा आधी पोटात जोरात कळा येतात आणि कावीळ कमी-जास्त होते. दुखत नाही, कावीळ रोज वाढतेय, वजन उतरतंय, तर गाठीची शंका आधी घ्यायची. स्विस सर्जन कूर्व्हॉइझियेने १८९० मध्येच लिहून ठेवलं होतं की काविळीत पित्ताशय फुगून हाताला लागत असेल, तर कारण खडा असण्याची शक्यता कमी. खड्यांनी वर्षानुवर्षं सुजून पिशवी जाड आणि कडक झालेली असते, ती सहसा ताणली जात नाही. काश्मीरमध्ये तर पित्तनलिकेत चक्क जंत सापडतात, आणि जिवंत असतील तर स्क्रीनवर वळवळताना दिसतात!

आता मर्यादा, कारण गोंधळ इथेच होतो. पित्ताशयातला खडा सोनोग्राफी छान पकडते. पण सीबीडीचं खालचं टोक आतड्यामागे असतं आणि आतड्यात गॅस. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात सीबीडीतल्या १०० पैकी साधारण ७३ खडेच सोनोग्राफीत सापडल्याचं दिसतं. शिवाय अडथळा ताजा असेल तर नळी अजून फुगलेली नसते, आणि सिरोसिसने यकृत कडक झालं असेल तर आतल्या नळ्या फुगतच नाहीत. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला, पण डायरेक्ट बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फटेज चढेच आहेत, तर 'सोनोग्राफी झाली, सुटलो' म्हणून घरी बसू नका. पुढे एमआरसीपी, सीटी किंवा एंडोस्कोपीतून केलेली सोनोग्राफी असते. ईआरसीपी ही त्यापुढची पायरी, तिच्यात खडा काढता येतो किंवा स्टेंट टाकता येतो.

आणि काविळीसोबत थंडी वाजून ताप आला, उजवीकडे बरगडीखाली दुखायला लागलं, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. तुंबलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो आणि तो काही तासांत जिवावर बेतू शकतो. त्याच रात्री मोठं हॉस्पिटल गाठायचं.

बाकी ठरवून करायच्या सोनोग्राफीला जाताना सहा ते आठ तास उपाशी राहा. चहासुद्धा नाही. दुधाचा चहा पोटात गेला की पित्ताशय आकसतं, गॅस वाढतो, आणि डॉक्टर उद्या परत या म्हणतात.